परदेशातून आलेल्यांचा गोव्यातला शेवटचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, दुबई, टोरांटो, मेलबर्न इथून भावंडे, भाचे, पुतणे सुट्टीला येतात तेव्हा पहिल्या दिवसाची तयारी महिनाभर आधीपासून चालते. उशांचे अभ्रे बदलतात, पंख्यावरची धूळ निघते. शेवटच्या दिवसाची तयारी मात्र कुणीच करत नाही. मग बँक, सोनार, शिंप्याकडचा ब्लाऊज, तीन मावश्या आणि कुलदैवत हे सगळे त्या एका दिवसात येऊन कोसळते, आणि ज्यांच्यासाठी सात समुद्र ओलांडून आलात ती माणसे दारात तुमची वाट बघत बसतात.

मी फोंडा तालुक्यातल्या मूळ घरात राहणारी. निरोप देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे, पण उत्तरे दोन्ही बाजूंच्या उपयोगी पडावीत.

विमान पहाटे अडीचला आहे. मग शेवटचा दिवस कुठला?

आदला. तिकिटावर १५ तारीख आणि ०२:३० असे छापलेले असेल तर तुम्ही घरातून निघणार १४ तारखेला संध्याकाळी. हे इतके उघड आहे की दरवर्षी कुणाच्या तरी घरी यावरून गोंधळ होतोच. आई पंधराच्या दुपारसाठी इसवण (सुरमई) सांगून ठेवते आणि चौदाच्या रात्री घर रिकामे झालेले असते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघायची तारीख आणि वेळ लिहा.

मग उलटे मोजत या. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचे. त्यात रस्त्याचा वेळ आणि बॅगा गाडीत चढवताना होणाऱ्या वादाचा अर्धा तास मिळवा. बहुतेकांच्या हिशेबात दुपारचे जेवण, त्यावरची झोप आणि चार वाजताचा चहा एवढेच हाती उरते. तेवढे पुरते. मात्र त्यात आणखी काही घुसवायचे नाही.

दाबोळी की मोपा?

तिकीट बघा, अंदाज करू नका. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत: दाबोळी वास्कोजवळ, मोपा पेडणे तालुक्यात, आणि दोघांमध्ये साठेक किलोमीटरचे अंतर. तिकिटावर दाबोळीची खूण ‘जीओआय’, मोपाची ‘जीओएक्स’. दहा वर्षांनी आलेला माणूस ‘गोवा’ एवढेच वाचतो आणि त्याच्या डोक्यात दाबोळीच असते.

फोंड्याहून दाबोळी तासाभरात गाठता येते, मोप्याला दीड तास हाताशी हवाच. पणजीहून मोप्याला जाताना पर्वरीची कोंडी धरून चाला. काणकोणहून मोपा म्हणजे गोव्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. अशा वेळी आदल्या रात्री म्हापशाकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा की नाही, हा प्रश्न येतो. माझे मत नाही असेच आहे. आपल्या घरून निघण्यात जो दिवस मिळतो तो दुसऱ्याच्या पाहुणचारात जातो.

काका फोंड्यात, मावशी डिचोलीत, आत्या काणकोणात. सगळ्यांना शेवटच्या दिवशी भेटायचे कसे?

भेटायचे नाही.

गोवा लहान आहे हे नकाशावर. पेडण्याच्या पत्रादेवीपासून काणकोणच्या पोळ्यापर्यंत शंभरावर किलोमीटर भरतात, आणि प्रत्येक घरी ‘पाच मिनिटे’ म्हणजे किमान पाऊण तास. चहा नको म्हटले तर लिंबाचे सरबत येते, सरबत नको म्हटले तर शहाळे फोडायला माणूस माडावर चढलेला असतो. चार घरे केलीत की संध्याकाळ झाली, आणि कुणाशीही धड बोलणे झालेले नसते.

शेवटच्या दिवसाला एकच घर. कुठले, हा नाजूक भाग. साधारणपणे सगळ्यात वयस्कर माणूस जिथे राहतो ते. मूळ घर असेल आणि त्यात कुणी राहत असेल तर ते. ज्यांना जमेल ते तिथे येतील. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे आदल्या आठवड्यात जाऊन आलेले असावे. रुसवा होतो तो न भेटल्याचा कमी आणि दुसऱ्याकडून कळल्याचा जास्त. ‘आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा आला नाही’ हे वाक्य पुढची पाच वर्षे लग्नामुंजीत ऐकायचे नसेल तर दोन दिवस आधी स्वतः फोन करून सांगा: आत्या, मंगळवारी आम्ही दिवसभर मूळ घरीच आहोत, तुम्ही जेवायलाच या. आत्या येणार नसली तरी तिला बोलावणे पोचलेले असते.

आणि हे बोलावणे घरच्या बाईला विचारून करा. परदेशातला भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर वीस जणांना जेवायला बोलावतो आणि वहिनीला ते दुसऱ्या कुणाच्या तरी निरोपातून कळते, ही गोष्ट फार घरांत घडते.

सकाळी कुलदैवताला जाऊन यायचे आहे. वेळ होईल का?

देऊळ जवळ असेल तर होईल. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याचे नागेश, रामनाथ आणि महालक्ष्मी ही सगळी फोंडा तालुक्यात. तुम्ही तालुक्यात राहत असाल तर सकाळी आठला निघून साडेदहापर्यंत परत. सासष्टीत किंवा बार्देशात असाल तर दर्शन आदल्या दिवशी उरकून घ्या.

सोमवारी मंगेशीला नेहमीपेक्षा जास्त गर्दी असते. नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायला वेळ लागत नाही, पण कौल घ्यायचा असेल तर तो शेवटच्या दिवसावर टाकू नका. देवाच्या अंगावरची पाकळी कधी पडायची ते घड्याळ बघून ठरत नसते, आणि डावा कौल आला तर तुम्ही विमानभर त्याचाच विचार करत बसाल. ओटी भरायची असेल तर खण-नारळ आदल्या दिवशीच आणून ठेवावा.

फोंड्याहून बोरी पुलावरून दाबोळीला जाताना वेर्णे लागते. म्हाळसा मूळची तिथली. पोर्तुगीज अमलात देऊळ पाडले जाण्याच्या भीतीने भाविकांनी मूर्ती झुआरीपलीकडे म्हार्दोळला नेली, तसाच मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. वेर्ण्याला जुन्या जागी आता पुन्हा म्हाळसेचे देऊळ उभे आहे. सकाळी जमले नाही तर गाडीतूनच हात जोडायला ही वाट सोयीची, आणि मागच्या सीटवरच्या मुलांना सांगायला एक गोष्टही मिळते. आपले देवसुद्धा कधीकाळी घर सोडून निघाले होते, हे ऐकल्यावर ती क्षणभर मोबाइल खाली ठेवतात.

सोयर-सुतक असेल तर?

देवळात जात नाहीत, घरातल्या देवाला लांबूनच नमस्कार. भेटीगाठींना अडकाठी नाही. बाकीचे घरातल्या मोठ्यांना विचारा. प्रत्येक घरची रीत वेगळी.

शेवटच्या जेवणाला काय करावे?

हा प्रश्न पाहुणे विचारत नाहीत, यजमानच विचारतात, आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात: सगळे. सुंगटांचे हुमण (कोळंबीची आमटी), इसवणीच्या फोडी, तिसऱ्या (शिंपले), किसमूर, सोलकढी, वर मणगणे. मग ज्याच्यासाठी केले तो म्हणतो, ‘मला फक्त उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी द्या.’

हे खरे सांगते आहे. जो माणूस महिनाभर लग्ने, हॉटेले आणि नातेवाइकांकडची ताटे जेवून दमला आहे, त्याला शेवटच्या दिवशी घरचे रोजचे जेवण हवे असते. म्हणून आमच्याकडे एक हुमण, एक तळलेले आणि एक भाजी, एवढेच करतो. पण ते हुमण नीट करतो. नारळ ताजा, विळीवर खवलेला. त्यात भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंचेचा बोळा, आणि वाटण इतके बारीक की बोटांत चोळले तर कणी लागू नये. बांगडा असेल तर तिरफळे लागतातच. ती वाटायची नाहीत, नुसती ठेचून रसात सोडायची. बिया काढलेल्या असाव्यात, नाहीतर दाताखाली कचकच येते. उकळी आली की गॅस बारीक करून मासे सोडायचे आणि मग पळी घालायची नाही, भांडे दोन्ही हातांनी धरून हलवायचे. हे करताना परदेशातल्या भाचीला ओट्याशी उभे करावे. पाककृती लिहून पाठवली तर ती वाचते, आणि भांडे हलवायचे ते विसरते.

बाजारात मात्र लवकर जायला हवे. दहानंतर गेलात तर जे उरले ते, आणि विकणारी म्हणेल त्या भावाने.

शेवटचा दिवस सोमवारी आला, किंवा श्रावणात?

मग नुस्ते, म्हणजे मासे, नाही. रविवारी करून घ्या. ज्यांच्या घरी सोमवार पाळतात तिथे ‘आज एक दिवस चालेल हो’ असा आग्रह पाहुण्याने करू नये. आजी पाहुण्यासाठी करायला लावेलही, पण ती स्वतः जेवायला बसणार नाही. शिवराकाचे, म्हणजे शाकाहारी, जेवण हलके नसते. मुगागाठी, अळसांद्यांचे तोंडाक, खतखते, आंबाड्याचे सासव यांनी पान भरते. खतखत्यात तिरफळ पडलेले असले की मासा नसल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही, निदान पहिल्या वाढपात तरी.

जून-जुलैत येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. इसवण, पापलेट मिळाले तर ते बाहेरून आलेले किंवा बर्फातले असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत खाडीतले मासे, खुबे, किंवा सरळ सुक्या सुंगटांचे किसमूर. बाहेर पाऊस कोसळत असताना किसमूर आणि गरम पेज यापुढे कशाचीही मातब्बरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

चवथीला आलो आहोत. विसर्जनाच्या दिवशीचेच तिकीट आहे, चालेल ना?

चालेल कसे? दीड दिवसाचा असो की पाच, सात, नऊ दिवसांचा, विसर्जनाच्या संध्याकाळी घरातला प्रत्येक पुरुष नदीवर किंवा तळीवर असतो आणि गावचा रस्ता ढोल-ताशांनी अडलेला. तुम्हाला विमानतळावर सोडायला कुणी मोकळे नाही, टॅक्सीवाल्याच्या घरीही गणपती असतो. एक दिवस नंतरचे तिकीट घ्या. दुसऱ्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवून तिची फळे वाटतात, आणि अख्खे कुटुंब एका जागी दमून बसलेले असते. बोलायला याहून बरा दिवस वर्षात सापडत नाही.

बॅगेत काय चालते आणि काय नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि तो विचारला जातो निघायच्या तासभर आधी, जेव्हा शेजारच्या काकी प्लास्टिकच्या पिशवीत दोन किलो काहीतरी घेऊन येतात.

आधी वजन. तुमचे परदेशी विमान मुंबईहून असेल आणि गोवा-मुंबईचे तिकीट वेगळे काढले असेल, तर देशांतर्गत टप्प्याला साधारणपणे १५ किलोच मोफत असतात, पुढच्या तिकिटावर भले दोन-दोन बॅगा असोत. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले तर ही कटकट नसते. दोनशे-तीनशे रुपयांचा टांगायचा डिजिटल काटा घरात असावा. न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग घेऊन उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे, यात वजाबाकीपेक्षा वजनाची चर्चाच जास्त होते.

आता वस्तू. सुक्या खोबऱ्याचे अखंड गोटे नेऊ नयेत. त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून विमानात धोकादायक माल समजले जातात आणि बॅग उघडून काढून घेतात. देवळातून मिळालेला नारळ घरीच खवा आणि प्रसाद म्हणून खाऊन टाका. लोणचे, तेल, कोकमाचे आगळ यातले काहीही हातातल्या बॅगेत नको. शंभर मिलिलिटरच्या वरचे पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत थांबवतात आणि तेलातले लोणचे त्याच माळेत. मोठ्या बॅगेत न्या, बरणी काचेची नको, दोन पिशव्यांत बांधा, आणि पांढऱ्या कपड्यांपासून लांब. पॉवर बँक मात्र नेमकी उलटी: ती हातातल्या बॅगेतच लागते.

पुढचे देशावर अवलंबून. अमेरिकेत ताजी फळे आणि कढीपत्ता नेऊ देत नाहीत. मानकुराद आंब्यांची पेटी घेऊन गेलात तर ती अधिकाऱ्याच्या कचरापेटीत जाणार, आणि मानकुराद कचऱ्यात जाणे हे पाप आहे. तो इथेच खा. तुळशीचे रोप मातीसकट नेण्याचा विचारही नको. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आजीचे तूप आणि पेढे बाद. मासे मात्र चालतात. युरोपीय संघातही सुके मासे एका मर्यादेपर्यंत नेता येतात, अडचण असते ती वासाची आणि शेजारच्या प्रवाशाची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. जाहीर केली तर वाईटात वाईट म्हणजे ती काढून घेतात. लपवली तर दंड, न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर.

आखातात जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. आपल्याला ती वाटणात लागते, तिकडे तो अमली पदार्थ. तयार मसाल्याच्या पुडीत खसखस असेल तर तीही नको. कोण्या मित्राचे म्हणून दिलेले बंद पार्सल तर कुठल्याच देशाला नेऊ नये, देणारा सख्खा चुलतभाऊ असला तरी.

बिनधास्त काय न्यावे? सोलां (आमसुले), काजू, खाजे, सुक्या मिरच्या, पापड. फणसाचे साठ आवडत असेल तर तेही. तिरफळे मूठभर, ती कधी संपत नाहीत.

आणि फेणी?

दुकानातली, बुचाला सील असलेली बाटली मोठ्या बॅगेतून नेता येते. चोवीस ते सत्तर टक्के अल्कोहोलच्या पेयांना विमानात माणशी पाच लिटरची मर्यादा आहे आणि फेणी त्या पट्ट्यात बसते. उतरल्यावरचे नियम वेगळे: अमेरिकेत एक लिटरपर्यंत करमुक्त, ब्रिटनमध्ये चार. मामांनी भाटातून (बागायतीतून) आणलेली, पाण्याच्या बाटलीत भरलेली फेणी कितीही अस्सल असली तरी चालत नाही, कारण ती मूळ विक्रीच्या पॅकिंगमध्ये नसते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे तपासणाऱ्या शिपायाला सांगून उपयोग होत नाही.

‘जाता जाता एक सही करून जा,’ असे मोठे काका म्हणतात. करू का?

शेवटच्या दिवशी नको. काकांवर अविश्वास म्हणून नाही. गोव्यात वारसाहक्काचे कायदे बाकीच्या भारतापेक्षा वेगळे आहेत म्हणून. इथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. आज वारसा आणि वाटणीसाठी २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा. मुले असतील तर आईवडिलांना मृत्युपत्राने इच्छेप्रमाणे देता येते ते निम्म्या मालमत्तेपुरतेच, उरलेले निम्मे वारसांसाठी राखीव. आणि नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा समाईक धरली जात असल्याने विक्रीला जोडीदाराचीही संमती लागते. म्हणूनच एका आंब्याच्या भाटासाठी आत्यांच्या मुलांच्या बायकांच्या सह्या गोळा करत काका वर्षभर फिरत असतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे: तुम्ही गेलात की पुन्हा दोन वर्षांनी.

तरीही कागद काय आहे ते कळल्याशिवाय सही नको. साधे मुखत्यारपत्र आहे, हक्क सोडल्याचा दस्त आहे, की विक्रीचा करार? मुखत्यारपत्र असेल तर ‘विकण्याचे अधिकार’ त्यात आहेत का? एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) कुणाकुणाची नावे आहेत? ही विचारपूस दुपारी तीन वाजता, बॅगा बांधत असताना, जावयासमोर करता येत नाही. आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वकिलाकडे जाऊन बसा.

आणि राहूनच गेले तर आभाळ कोसळत नाही. मुखत्यारपत्र परदेशातल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचे असते. काकांना हे सांगा. बऱ्याच काकांना वाटते की तुमच्या विमानाबरोबर सहीही उडून गेली.

मुलांना, कामाला येणाऱ्या बाईला, काय द्यावे?

लहान मुलांना पाकीट, रक्कम सगळ्यांना सारखी. मुले पाकिटे अंगणातच उघडतात आणि मोठ्याने वाचतात. तुमच्यामुळे महिनाभर जिने दुप्पट भांडी घासली तिला पाकीट स्वतःच्या हाताने द्या, वहिनीकडून नको. उरलेल्या रुपयांचे काय करायचे हे विचारणाऱ्यांसाठी: २५,००० पर्यंतची भारतीय रोकड बरोबर नेता येते.

आजी नव्वदीची आहे. तिचा निरोप कसा घ्यायचा?

सकाळी. संध्याकाळी म्हातारी माणसे थकलेली असतात, त्यात घरात बॅगांची धांदल. नाश्ता झाला की अकरापर्यंत तिच्याजवळ बसा. बसा म्हणजे बसाच, सोबत लॅपटॉप नको आणि व्हिडिओ कॉलवर तिकडच्या मित्रांना ‘ही माझी आजी’ दाखवणे नको. तिला काम द्या: पोतडीतली सोलां निवडून द्यायला सांगा, कुणाची लग्ने कुठे झाली ते विचारा, जुन्या फोटोंतल्या माणसांची नावे पाठीमागे पेन्सिलीने लिहून घ्या. फोटोतली ती कोपऱ्यातली नऊवारी नेसलेली बाई कोण, हे सांगू शकणारे घरात आता तिच्याशिवाय कुणी नसते.

ती काही देईल. पदराच्या गाठीतली पाचशेची नोट, एखादी वाटी, नाकातली न वापरलेली चमकी. ‘राहू दे ग आजी’ म्हणू नका. घ्या. सोन्याचे भारी काही देत असेल तर तेवढे आदल्या दिवशी घरच्यांसमोर होऊ द्या, म्हणजे नंतर कुणाच्या मनात काही राहत नाही.

दुपारी ती झोपली की उठवू नका, फोटोसाठी तर नाहीच. तिला पुन्हा कधी येणार असे विचारायचे असते आणि तिला तारीख लागते. ‘बघू’ म्हणाल तर ती ते कळून गप्प बसते. ‘पुढच्या चवथीला प्रयत्न करतो’ हे खरे असेल तर तसे सांगा.

सगळ्यांचा फोटो?

जेवणाच्या आधी. जेवणानंतर निम्मे झोपतात आणि निम्म्यांच्या साड्या बदललेल्या असतात. तुळशीपाशी, अकराच्या आत, म्हणजे तोंडावर ऊन येत नाही.

परदेशात वाढलेली मुले कंटाळतात. त्यांचे काय करू?

त्यांना कार्यक्रम देऊ नका, चुलत भावंडे द्या. बरीच मुले शेवटच्या दिवशीच एकमेकांशी खरी मोकळी होतात, नेमकी निघायच्या वेळी विहिरीपाशी सापडतात. समुद्रावर ‘शेवटची डुबकी’ मात्र नको. ओले कपडे, वाळूने भरलेली गाडी, आणि मे अखेरपासून पावसाळाभर समुद्र पोहण्याजोगा नसतोच.

टॅक्सी किती आधी सांगावी? आणि सोडायला किती जणांनी जावे?

गोव्यात ओला-उबर नाहीत. ‘गोवा माइल्स’ हे अ‍ॅप आहे, पण पहाटेच्या विमानाला आणि आतल्या वाड्यावर ऐन वेळी गाडी मिळेलच असे नाही. ओळखीचा टॅक्सीवाला दोन दिवस आधी ठरवा, निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करा. सामान कमी असेल तर पणजी किंवा मडगावहून विमानतळाला कदंबच्या बसही आहेत.

सोडायला दोघे पुरेत. तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आत सोडत नाहीत आणि दारापुढे गाडी थांबवू देतात ती मोजकी मिनिटे. आठ जण दोन गाड्या करून जातात, रस्त्याच्या कडेला घाईघाईने मिठ्या मारतात, मागून शिट्टी वाजते आणि परत येताना रात्री एक वाजता सगळ्यांना भूक लागलेली असते. निरोप अंगणात घ्यावा. तिथे शिट्टी मारणारा कुणी नसतो. हातावर दही ठेवायचे, देवाला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणे, हे सगळे टॅक्सी येण्याच्या अर्धा तास आधी उरकलेले असावे.

पावसाळ्यात त्या अर्ध्या तासाचा तास करा. झाड पडले की आतला रस्ता बंद होतो.

मागे राहिलेल्या वस्तूंचे काय?

राहतातच. चार्जर, मुलाचा एक मोजा, उशीखाली चष्मा, फ्रिजमध्ये मुद्दाम थंड ठेवलेले आणि विसरलेले खाजे. कुरिअर करू नका, वस्तूपेक्षा खर्च जास्त. एका पिशवीत नाव लिहून कपाटात ठेवा. डिसेंबरात तिकडचे कुणी ना कुणी येतेच, त्याच्या हाती द्या. खाजे खाऊन टाका. उरलेला शाम्पू वहिनीचा.

अपवाद फक्त पासपोर्टाचा. आमच्या घरात भारतीय, ब्रिटिश आणि पोर्तुगीज असे तिन्ही जातीचे पासपोर्ट फळीवर एकत्र पडलेले असतात, आणि परदेशी पासपोर्टवाल्यांना ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारे) कार्डही बरोबर लागते. म्हणून गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधी ड्रायव्हरला थांबवून प्रत्येकाने आपला पासपोर्ट हातात धरून दाखवायचा, त्यावरचे नाव मोठ्याने वाचायचे आणि मगच दरवाजे लावायचे. जावयांनासुद्धा यात सूट नाही.